इंग्लंडमधल्या खापरपणजीचे माहेर कसे शोधावे?

प्रश्न : माझी सून मूळची इंग्लंडमधील लँकेशायरची आहे. नातवासाठी वंशावळ तयार करताना आमच्या घराण्याची बाजू बरीच मागे नेता आली. सुनेच्या आईकडची बाजू मात्र तिच्या खापरपणजीपाशी येऊन थांबली आहे. तिचे नाव मेरी होते, ती बर्नली गावातल्या कापडगिरणीत मागावर काम करीत असे, तिचा एक मुलगा १८९० च्या सुमारास जन्मला आणि तिचे एक छायाचित्र घरात आहे, एवढीच माहिती मिळते. सासरचे आडनाव ठाऊक आहे, माहेरचे नाही. इंटरनेटवर एका अनोळखी व्यक्तीने मांडलेल्या वंशावळीत हीच मेरी एका सरदार घराण्यातली म्हणून दाखवली आहे. ती वंशावळ स्वीकारावी का? नसेल तर शोध कुठून सुरू करावा?

उत्तर : ती वंशावळ तूर्त बाजूला ठेवावी. ती खोटीच असेल असे मी म्हणत नाही. परंतु एका पिढीकडून मागच्या पिढीकडे जाताना प्रत्येक दुव्याला एखादा दाखला किंवा नोंद आधाराला असावी लागते, आणि नुसत्या नावाच्या साम्यावर जोडलेली साखळी नेमकी स्त्रीपाशी तुटते. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये मेरी, एलिझाबेथ, ॲन, सारा आणि जेन या मोजक्या नावांवर असंख्य मुली वाढल्या. त्यामुळे ‘मेरी, लँकेशायर, जन्म १८६५ च्या आसपास’ एवढ्यावर सापडलेली मेरी आपलीच आहे, असे समजायला काहीही आधार नसतो.

शोध तिच्यापासून सुरू न करता तिच्या मुलापासून करावा. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंदणी सुरू झाली. तेव्हापासूनच्या जन्माच्या दाखल्यात बाळाच्या आईचे नाव सासरच्या आडनावाने लिहिलेले असतेच, पण त्यापुढे तिचे माहेरचे आडनावही दिलेले असते. तिचा त्याआधी एक विवाह झालेला असेल, तर त्या पहिल्या नवऱ्याचे आडनावही तेथेच येते. म्हणून मुलाचा जन्माचा दाखला जनरल रजिस्टर ऑफिस या सरकारी नोंदणी कार्यालयाकडून मागवावा. छापील प्रतीपेक्षा संगणकीय प्रत स्वस्त पडते आणि शोधासाठी तेवढी पुरते. या कार्यालयाच्या संकेतस्थळावरील जन्मसूचीत आता १८३७ पासूनच्या नोंदींपुढे आईचे माहेरचे आडनाव दिलेले आहे. जुन्या, त्रैमासिक सूचींत ते १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासूनच मिळत असे. स्त्रीचा माग काढणाऱ्यासाठी ही मोठीच सोय झाली आहे, कारण सासरचे आणि माहेरचे अशी दोन्ही आडनावे घालून शोधले की त्या दांपत्याची सगळी अपत्ये, अगदी दोन शिरगणत्यांच्या मधल्या काळात जन्मून मरण पावलेलीसुद्धा, एकापाठोपाठ एक सापडू लागतात.

माहेरचे आडनाव हाती आले की विवाहाची नोंद शोधावी. थोरल्या अपत्याच्या जन्माच्या आधीची काही वर्षे पाहिली, तर ती बहुधा सापडते. विवाहाच्या दाखल्यावर वधू आणि वर दोघांच्याही वडिलांची नावे व व्यवसाय असतात. आईचे नाव मात्र नसते; इंग्लंड आणि वेल्समधील विवाहनोंदीत आयांची नावे येऊ लागली ती थेट ४ मे २०२१ पासून. एवढी वर्षे मुलीच्या लग्नाच्या कागदावर तिच्या आईला जागा नव्हती, हे मनाला लागते. पण शोधणाऱ्याला त्याचा व्यावहारिक अर्थ एवढाच, की आईपर्यंत पोहोचण्यासाठी दरवेळी मुलीच्या जन्माचा दाखलाच मिळवावा लागतो. विवाहाच्या दाखल्यावरील साक्षीदारांची नावे अवश्य टिपून ठेवावीत. ते पुष्कळदा वधूची बहीण, भाऊ किंवा मेहुणा असतात, आणि पुढे दोन सारख्या नावांच्या मेरींपैकी खरी कोणती हे ठरवताना तीच नावे उपयोगी पडतात. विवाह कोणत्या चर्चमध्ये झाला, तेही पाहावे, कारण लग्न वधूच्या पॅरिशमध्ये, म्हणजे ती राहत असलेल्या चर्चच्या हद्दीत, करण्याची प्रथा होती.

आता मेरीच्या वडिलांचे नाव आणि व्यवसाय हाती आहे. यानंतर ती मुलगी असतानाची, म्हणजे १८७१ किंवा १८८१ ची शिरगणती पाहावी. तेथे वडिलांचे नाव, व्यवसाय आणि साक्षीदार म्हणून सही केलेली भावंडे जुळली, तर कुटुंब बहुतेक सापडले असे समजावे. तरीही एक तपासणी राहतेच. त्या नावाची मुलगी बालपणीच वारली नव्हती ना, हे मृत्यूच्या सूचीत पाहावे लागते. त्या काळी इंग्लंडमध्ये दर हजार बालकांमागे सुमारे १५० बालके वयाचे पहिले वर्ष पूर्ण होण्यापूर्वी दगावत असत, आणि वारलेल्या मुलीचेच नाव पुढच्या मुलीला ठेवण्याची पद्धतही होती. ज्या मेरीचा जन्माचा दाखला आपण आनंदाने मागवला, ती सहा महिन्यांची होऊन गेली असेल आणि आपली खापरपणजी तिची धाकटी बहीण असेल, असे अनेकांच्या बाबतीत घडते. अनोळखी वंशावळींत ही तपासणी क्वचितच केलेली आढळते. आपल्याला सापडलेल्या वंशावळीत मेरीच्या विवाहाचा आणि तिच्या मुलांच्या जन्माचा पुरावा दिलेला नसेल, तर सरदार घराण्याचा मोह सोडावा. मागावर दिवस काढणारी मेरी वंशावळीत आपल्या स्वतःच्या नावाने आली, तर तिचा मान कमी होत नाही.

माहेरचे आडनाव सापडण्याची आणखी एक वाट शिरगणतीत आहे. लग्नानंतरच्या प्रत्येक शिरगणतीत त्या घरातील सगळी माणसे वाचावीत. कुटुंबप्रमुखाची ‘सासू’ किंवा ‘मेहुणी’ म्हणून एखादी बाई शिरगणतीच्या रात्री घरात असेल, तर सासूचे किंवा अविवाहित मेहुणीचे आडनाव हेच बहुधा मेरीचे माहेरचे आडनाव. सासूने पुनर्विवाह केलेला असू शकतो, एवढे मात्र ध्यानात ठेवावे. मुलांच्या मधल्या नावांकडेही पाहावे. आईचे माहेरचे आडनाव मुलाचे मधले नाव म्हणून ठेवण्याची चाल इंग्लंडमध्ये सर्वत्र होती.

छायाचित्राबद्दल थोडक्यात सांगतो. मागच्या बाजूला स्टुडिओचे नाव आणि पत्ता छापलेला असेल, तर त्या गावाच्या जुन्या व्यापारी निर्देशिकांवरून तो स्टुडिओ त्या पत्त्यावर कोणत्या वर्षी होता, हे ठरवता येते. खांद्याशी फुगलेल्या मोठ्या बाह्या १८९५ च्या आसपासच्या असतात.

प्रश्न : माझ्या आजोबांच्या इंग्लिश आईचे वय १८८१ च्या शिरगणतीत २२, १८९१ मध्ये ३०, १९०१ मध्ये ३८ आणि विवाहाच्या दाखल्यावर नुसतेच ‘सज्ञान’ असे आहे. जन्मगावही दोन ठिकाणी वेगळे दिले आहे. ही एकच बाई असेल का?

उत्तर : असू शकते. एवढ्या तफावतीवरून ती वेगळी ठरवू नये. शिरगणतीच्या कागदावर वय सांगणारी व्यक्ती बहुधा कुटुंबप्रमुख, म्हणजे नवरा असे, आणि त्याला बायकोचे नेमके वय ठाऊक असेलच असे नाही. नवऱ्यापेक्षा मोठ्या असलेल्या स्त्रिया वय कमी सांगत. २१ च्या आत लग्न करायचे तर पालकांची संमती लागे, म्हणून लहान मुली ते वाढवून सांगत. विवाहाच्या दाखल्यावरील ‘सज्ञान’ याचा अर्थ २१ किंवा त्याहून अधिक, एवढाच. २१ वर्षांची मुलगी आणि ५० वर्षांची विधवा दोघींनाही तो लागू होतो. १८४१ च्या शिरगणतीत तर १५ वर्षांवरील माणसांची वये पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहिण्याची सूचनाच होती, त्यामुळे तेथील ‘३०’ म्हणजे ३० ते ३४ यांपैकी काहीही.

जन्मगावाचेही तसेच आहे. दूर राहणारी व्यक्ती आपल्या खेड्याऐवजी जवळच्या मोठ्या गावाचे नाव सांगते, किंवा जेथे वाढली तेच जन्मगाव मानते. अशा वेळी ती लहान असतानाच्या शिरगणतीवर अधिक विश्वास ठेवावा, कारण तेव्हा सांगणारे तिचे आईवडील होते. आपल्या बाबतीत १८६१ आणि १८७१ या दोन शिरगणत्या पाहिल्याशिवाय निर्णय करू नये.

नावाच्या बाबतीतही सैल राहावे. पॉली म्हणजे मेरी, सॅली म्हणजे सारा, नॅन्सी म्हणजे ॲन, पेगी म्हणजे मार्गारेट. आणि बेट्टी, बेस्सी, एलायझा या तिन्ही एलिझाबेथ असू शकतात. १८४० च्या दशकात सुमारे निम्म्या नववधू विवाहाच्या नोंदवहीत सहीऐवजी फुली करीत. ज्या बाईला स्वतःचे आडनाव लिहिता येत नाही, तिचे आडनाव कारकुनाला जसे ऐकू आले तसे तो लिहितो, आणि एका जन्मात ते तीन तऱ्हांनी लिहिलेले सापडते.

प्रश्न : माझ्या पत्नीच्या इंग्लिश पूर्वज स्त्रीच्या नावापुढे प्रत्येक शिरगणतीत व्यवसायाचा रकाना कोरा आहे. तिने आयुष्यभर काहीच काम केले नाही, असे समजावे का?

उत्तर : तसे मुळीच समजू नये. हा रकाना इंग्लंडच्या शिरगणतीतला सर्वांत दिशाभूल करणारा रकाना आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. घरातले काम व्यवसायात धरले जात नव्हते. १८८१ च्या वर्गीकरणात तर गृहिणींची गणना ‘बिनव्यवसायी’ या वर्गात झाली. पण त्याहीपलीकडे, पैसे मिळवून देणारे पुष्कळ कामसुद्धा नोंदले गेले नाही, कारण ते हंगामी होते, घरी बसून होत होते, किंवा सांगणाऱ्या नवऱ्याला ते सांगण्याजोगे वाटले नाही. धुणे घेणे, भाडेकरू ठेवणे, कापणीच्या दिवसांत शेतावर जाणे, शिवण करणे यांचा माग शिरगणतीत क्वचितच लागतो.

अशा वेळी ती कोठे राहत होती यावरून अंदाज बांधता येतो. बेडफर्डशायरमध्ये ल्यूटनच्या टोप्यांच्या धंद्यासाठी गव्हाच्या काडाच्या वेण्या वळण्याचे काम बायका आणि लहान मुली घराघरांत करीत. बकिंगहॅमशायर आणि डेव्हनमधील हॉनिटनच्या परिसरात लेस विणली जाई. बर्मिंगहॅमच्या पश्चिमेकडील क्रॅडली हीथ येथे बायका परसातल्या भट्टीवर साखळ्या घडवीत, आणि १९१० मध्ये त्यांनीच मजुरीसाठी संप करून तो जिंकला. लँकेशायरमधील विगनच्या कोळसाखाणींवर त्या वर आलेला कोळसा निवडत. बर्नली, ब्लॅकबर्न, प्रेस्टन या विणकामाच्या गावांत लग्नानंतरही गिरणीत जाणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण देशात फार मोठे होते, आणि तेथे रकाना बऱ्याचदा भरलेला आढळतो. शेजारच्या घरांतील विधवांचे आणि अविवाहित मुलींचे व्यवसाय वाचावेत. त्या गल्लीत बायका कोणते काम करीत, ते तेथे दिसते.

१९११ ची शिरगणती मिळाली तर ती विशेष काळजीने पाहावी. या वेळचे, घरातल्या माणसाने स्वतःच्या हाताने भरलेले मूळ कागद जपलेले आहेत. विवाहित स्त्रीच्या नावापुढे लग्नाला किती वर्षे झाली, किती मुले जिवंत जन्मली, किती हयात आहेत आणि किती वारली, हे आकडे त्यात आहेत. विधवांकडून हे विचारलेले नव्हते, तरी कित्येकींनी ते भरले आणि नंतर अधिकाऱ्याने त्यावर रेघ मारली. रेघेखालचे आकडे वाचता येतात. अकरा जन्मली, सहा उरली, असे एका ओळीत वाचायला मिळते, तेव्हा त्या बाईच्या आयुष्याबद्दल कोऱ्या व्यवसायाच्या रकान्यापेक्षा कितीतरी अधिक कळते. स्त्रियांना मताधिकार नाही तर आमची गणतीही नको, म्हणून काही स्त्रियांनी त्या वर्षी शिरगणतीवर बहिष्कार घातला होता, त्यामुळे एखादी स्त्री १९११ मध्ये सापडली नाही, तर हेही एक कारण असू शकते.

१९२१ ची शिरगणती २०२२ मध्ये खुली झाली. १९३१ ची १९४२ मधील आगीत जळून गेली आणि १९४१ मध्ये युद्धामुळे शिरगणती झालीच नाही. त्या मधल्या पोकळीत २९ सप्टेंबर १९३९ ची राष्ट्रीय नोंदवही उपयोगी पडते. तीत प्रत्येकाची पूर्ण जन्मतारीख आहे, आणि ती पुढे आरोग्यसेवेसाठी वापरात राहिल्यामुळे नंतर लग्न झालेल्या मुलींची सासरची आडनावेही तीत वर लिहिलेली आहेत. माहेर आणि सासर ही दोन्ही आडनावे एकाच ओळीत देणारी अशी नोंद शिरगणत्यांत सहसा मिळत नाही.

प्रश्न : आमच्या शोधातील स्त्रीच्या १८६८ मधील जन्माच्या दाखल्यावर वडिलांचा रकाना मोकळा आहे. विवाहाच्या दाखल्यावर मात्र वडिलांचे नाव दिले आहे. कोणते खरे मानावे?

उत्तर : दोन्ही जपून वाचावे. मोकळा रकाना म्हणजे आईवडिलांचे लग्न झालेले नव्हते, एवढे बहुतेक नक्की. पुढे विवाहाच्या वेळी अशी मुलगी खऱ्या वडिलांचे नाव सांगे, आजोबांचे किंवा सावत्र वडिलांचे सांगे, आणि कधी लोकांसमोर मान खाली जाऊ नये म्हणून कल्पित नावही देई. दाखल्यावरील नावाचा त्या व्यवसायाचा माणूस आईच्या गावात खरोखर होता का, हे शिरगणतीत पाहावे. मुलीचे मधले नाव एखाद्या आडनावासारखे असेल, तर ते वडिलांचे आडनाव असण्याचा संभव बराच आहे.

अविवाहित आईच्या बाबतीत कागद कमी होण्याऐवजी कधीकधी वाढतात. १८३४ पूर्वी बाळाचा भार पॅरिशवर पडू नये म्हणून पॅरिशचे अधिकारी आईची शपथेवर जबानी घेत आणि तिने नाव घेतलेल्या पुरुषाकडून खर्चाची हमी लिहून घेत. १८४४ नंतर आईला स्वतःच दंडाधिकाऱ्यांसमोर जाऊन पोटगी मागता येऊ लागली. आपल्या स्त्रीचा जन्म १८६८ चा असल्यामुळे त्या जिल्ह्याच्या न्यायालयाची कागदपत्रे आणि स्थानिक वृत्तपत्रे पाहावीत. अशा खटल्यांच्या बातम्या वृत्तपत्रांत छापून येत. हे कागद परगण्याच्या अभिलेखागारात असतात आणि सगळेच काही इंटरनेटवर आलेले नाहीत. वडिलांविषयी कागदावर काहीच उरले नसेल, तर हयात वंशजांपैकी सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीची, अर्थात तिच्या पूर्ण संमतीने, डीएनए चाचणी हा मार्ग उरतो. खापरपणजीकडून आपल्याला सरासरी सुमारे सहा टक्के अंश मिळतो. तिला एक पिढी अधिक जवळ असलेल्या माणसात तो दुप्पट असतो, म्हणून ज्येष्ठाची चाचणी अधिक मोलाची.

प्रश्न : शेतमजुराच्या मुलीचा माग १८३७ च्या मागे नेता येतो का? तिचे मृत्युपत्र मिळू शकेल का?

उत्तर : माग नेता येतो, पण वेग मंदावतो. इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद पॅरिशच्या नोंदवहीत ठेवण्याचा हुकूम १५३८ मध्ये निघाला. तेवढ्या जुन्या नोंदवह्या थोड्या ठिकाणीच टिकल्या आहेत, आणि जुन्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत पुष्कळदा फक्त वडिलांचे नाव असते, आईचे नसतेच. २५ मार्च १७५४ पासून विवाहाच्या नोंदीवर वधूवरांच्या आणि साक्षीदारांच्या सह्या किंवा फुल्या येऊ लागल्या, आणि १८१३ पासून छापील रकान्यांच्या वह्या आल्या. यॉर्कच्या धर्मप्रांतातील काही पॅरिशमध्ये साधारण १७७० च्या दशकापासून १८१२ पर्यंत बाळाच्या आजीआजोबांचीही नावे लिहिली गेली. डरहॅमच्या धर्मप्रांतात १७९८ ते १८१२ या काळात आईचे माहेरचे आडनाव लिहिले जाई. आपली स्त्री त्या भागातील असेल, तर एका नोंदीत दोन पिढ्या मिळतील.

गरिबांसाठी मला सर्वांत मोलाचे वाटतात ते वास्तव्यहक्काच्या चौकशीचे कागद. १६६२ च्या कायद्यानंतर पॅरिशकडे मदत मागणाऱ्या गरिबाला त्याच्या हक्काच्या पॅरिशमध्ये परत पाठवता येई, आणि तो हक्क कोठे आहे हे ठरवण्यासाठी त्याची जबानी घेतली जाई. लग्न झालेल्या बाईला नवऱ्याचा हक्क लागे. नवरा वारला की ती कधीही न पाहिलेल्या त्याच्या गावी मुलांसह रवाना केली जाई. त्या जबानीत कोठे जन्मले, कोणाकडे चाकरी केली, लग्न कोठे झाले, मुलांची वये काय, हे सगळे येते. ज्या बाईची एक सहीही कोठे नाही, तिचे बोलणे असे कारकुनाच्या अक्षरात टिकून राहिले आहे.

मृत्युपत्राची आशा विवाहित स्त्रीच्या बाबतीत फार ठेवू नये. १८८२ चा मालमत्ता कायदा १ जानेवारी १८८३ रोजी लागू होईपर्यंत नवऱ्याच्या संमतीशिवाय तिला मृत्युपत्र करता येत नव्हते. विधवा आणि अविवाहित स्त्रिया मात्र ते करीत, आणि निपुत्रिक मावशीच्या मृत्युपत्रात सगळ्या भाच्यांची नावे त्यांच्या सासरच्या आडनावांसह सापडू शकतात. १२ जानेवारी १८५८ नंतरची मृत्युपत्रे राष्ट्रीय सूचीत शोधता येतात. त्याआधीची चर्चच्या न्यायालयांत मंजूर होत, म्हणून प्रथम आपल्या स्त्रीचे गाव कोणत्या धर्मप्रांतात होते ते परगण्याच्या अभिलेखागाराकडे पत्र लिहून विचारावे, आणि मृत्युपत्रे तिच्या एकटीच्या नावाने न शोधता तिच्या अविवाहित बहिणींच्या आणि विधवा आत्यांच्या नावांनीही शोधावीत.